ताईच्या जागी नेरे

कापणी झालेल्या खाचरांचा कोवळ्या उन्हातला वास ओटीवर रेंगाळत होता, धरणाचं पाणी निश्चल पसरलं होतं, आणि मी, सत्तरी ओलांडलेली बाई, नातीच्या लॅपटॉपवर एका बोटाने माझं माहेर शोधत बसले होते.

हिंजवडीत नोकरी करणारी माझी नात मीनल रविवारी आली, की आमच्या गोतावळ्याची नोंद जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत रचते. मिसळणाच्या डब्यात वाट्या असाव्यात तशी ती रचना: घरात माहेर, माहेरात ताई, ताईत तिचं नाव, गाव, आणि मीनलने मिळवलेला, मी कधीच न लावलेला फोन. बदल करायचा तर कप्प्यांची पूर्ण वाट लिहायची. मग तिची एकच ओळ त्या वाटेने उतरत जाते आणि अगदी आतला मजकूर तेवढा बदलते, बाकी सारं अबाधित. वाट कोणतीही द्या, ओळ तीच!

थोरली ताई शेत विकून लेकाकडे नेऱ्याला राहायला गेल्याचं कळलं होतं. मी ऐटीत वाट लिहिली, माहेर, ताई. आणि 'गाव' न लिहिताच पुढे 'नेरे' ठोकून दिलं. क्षणात ताईचं नाव गेलं, फोन गेला.

"आजी, तू ताईआजीचं गाव नाही बदललंस, ताईआजीलाच नेरे करून टाकलंस," मीनल हसत म्हणाली.

हसले मीही, पण हे तर मी तिशीतच करून बसले होते. आई गेल्यावर तिचं हिरवं लुगडं ताईने न विचारता नेलं, आणि त्या एका लुगड्याखाली मी अख्खी ताई बुजवली: माझी वेणी घालणारी, ओढ्यातून मला पाठुंगळी नेणारी. चाळीस वर्षं अबोला! काय तो तोरा. आणि मी तेव्हा पाचवारी साड्यांच्या मागे, ते लुगडं हाती आलं असतं तरी कधी नेसले नसते. एवढासा सल अख्ख्या माणसाला पुरून का उरावा?

मीनलने जुनी प्रत उघडून ताईला परत आणलं. तिथला फोन मी लावला.

"मावशी, आईला ऐकू येत न्हाई आता," भाचा म्हणाला, "पण देतो तिच्याकडं, बोला तुमी."

मी बोलले. माझं चुकलं म्हटलं. ती "व्हय" म्हणाली. भेटायला येऊ का विचारलं; "व्हय." माझी आठवण येते का गं? "व्हय, व्हय." इतक्या झटपट ती जन्मात कशाला कबूल झाली नव्हती. यातलं तिला काय पोचलं, कोण जाणे. मी मीनलला गाडी काढायला सांगितलं.