शांघायच्या डबीतल्या लवंगा

आमच्याकडे चांदीची एक डबी आहे. चिनी देवळासारखी छपरावर छपरं, कडांना घुंगरू आणि खाली वेटोळं घातलेला मिशाळ ड्रॅगन. सासऱ्यांचे आजोबा शांघायला एका बगदादी यहुदी व्यापाऱ्याच्या गोदामात मुकादम होते. तिथल्या चिनी सोनाराने ती घडवली. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी चांदण्या दिसल्या की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, संपतो. तेव्हा सुगंधाचा आशीर्वाद म्हणायचा आणि डबीतल्या लवंगा हुंगायच्या.

लग्न होऊन मी बोईसरला आले तेव्हा मॅट्रिक पास होते, म्हणजे जगातलं सगळं मला ठाऊक होतं. डबी पाहून मी सासूबाईंना सुनावलं, "आपल्यात मूर्ती चालत नाही. मग हा राक्षस घरात कसा?"

त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राक्षस नाय गो, मासा हाय. खवले हायेत ना? मंग आपल्याला चालतो."

आमच्या धर्मात मासा खायला चालायचा तर त्याला खवल्यांबरोबर पंखही लागतात. मी शहाणी दिवा घेऊन त्या ड्रॅगनचे पंख शोधत बसले.

आता सासूबाई नाहीत, हेही गेले. आमची इथली दोन-चार घरं इस्रायलला गेली, मुलगीही तिकडेच. मागे तापात माझं नाक गेलं. कारखान्यांचा वास सुटला की शेजारीण खिडक्या लावते आणि म्हणते, "आजी, तुम्ही सुटलात." पण ज्याला वास येत नाही त्याने सुगंधाचा आशीर्वाद म्हणू नये, असा आमचा नियम. मी म्हणतच राहिले. आठवडा कुठेतरी संपायला हवा ना.

यंदा मुलगी आली आणि म्हणाली, "आई, डबी मला दे. तिकडे हुंगायला माणसं तरी आहेत."

"मी मेल्यावर ने."

"तुला वास येतो का पण?"

"येतो की."

शनिवारी आशीर्वाद म्हणून मी डबी नाकाशी धरली, डोळे मिटून 'अहाहा' केलं आणि तिच्या हाती दिली. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"आई, या लवंगांना वासच नाही. कधी घातल्या होत्यास?"

मला आठवेना. ती हसली नाही. हसली असती तर मी भांडले असते.

"ने," मी म्हटलं. "लवंगा मात्र बदलत जा."

"आणि तू?"

"मी काय, झोपेन. दर शुक्रवारी त्या डबीला रांगोळीने घासायचं, घुंगरांच्या खाचा पुसायच्या. दमले गं मी."