सरोजाचा पुढे केलेला हात

सरोजा आमच्या स्वयंपाकघरात कधी काही शोधत नसे. शेगडीपाशी उभी राहून, मान न वळवता नुसता हात पुढे करायची. "अक्का, साखर."

माझ्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, हे इरा, नील, तुम्हां दोघांना माहीत आहे. मी म्हणायची, "समोर लिहिलंय की."

"लिहिलंय, सरी. उद्या तुम्ही डबा हलवलात तर? चहा करणाऱ्याला साखर लागते अक्का, साखरेचा पत्ता नाही."

ती जयनगरला आमच्या शेजारी राहायची. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे घरच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं; 'सरी' म्हणजे 'बरं'. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, मोठमोठ्या वेबसाइट बांधण्याची. इरा, तू हेच शिकतेस, तेव्हा पुढचं वाचून हसू नकोस. नीलसाठी सोपं करून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांचं डायलिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. एका सकाळी सरोजानं आम्हांला गाडीतून डायलिसिस केंद्रावर सोडलं, तर आजोबांच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ. नोंदणीच्या संगणकावर नाव आजोबांचं, नर्सच्या संगणकावर त्या गृहस्थांचं. दुपारपर्यंत आजोबा सुजलेल्या पायांनी बाकावर बसून राहिले. सरोजानं केंद्राची वेबसाइट उघडायला लावली आणि बराच वेळ बघत बसली.

खुर्च्यांची यादी सांभाळणारा जो भाग असतो, त्याला हे लोक सर्व्हिस म्हणतात. नोंदणीचं पान आणि नर्सचं पान, दोन्ही पानांनी आपापली वेगळी सर्व्हिस आतल्या आत बनवली होती. सकाळी दोन्ही याद्या सारख्या असत. नंतर एका पानावर केलेला बदल दुसऱ्याला कळतच नसे.

"एका घरात दोन कारभारणी," सरोजा म्हणाली. "दोघी आपापल्या जागी बरोबर. जावई मात्र उपाशी." तशा अवस्थेतही आजोबा हसले.

मग ते दुरुस्त करायचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं. सर्व्हिस एकच, पानांच्या बाहेर एकदाच बनवलेली. ज्या पानाला लागेल त्याच्या हातात ती द्यायची. या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात असं तिनं सांगितलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "मला पुरे झाली इंजेक्शनं." रुग्णांना फोनवर संदेश पाठवणारा भागही तिनं असाच बाहेरून दिला. तपासणी करताना त्याच्या जागी एक खोटा पाठवणारा द्यायची. तो संदेश नुसते पडद्यावर दाखवी, कुणाचा फोन वाजत नसे.

दोन वर्षांनी ती स्वतःच आजारी पडली, बरी न होण्यासारखी. केंद्रातली माणसं घाबरली. तिला त्याचा राग आला. "माझ्यावाचून अडलं तर मी काम वाईट केलं म्हणायचं," असं म्हणून तिनं आपल्या ऑफिसातल्या दिव्या नावाच्या मुलीला आमच्या घरी बोलावून सगळं समजावून दिलं.

त्या दिवशी मला राहवलं नाही. "सरोजा, तू नसताना काही बिघडलं, तर यांची खुर्ची?"

तिनं चहा ठेवला होता, हात पुढे केला. मी साखर दिली. "बघा. कोण देतं ते चहाला कुठं ठाऊक आहे?" एवढंच म्हणाली.

उन्हाळ्यात ती गेली. पावसाळ्यात, जिच्यामार्फत संदेश जायचे ती कंपनीच बंद झाली. खुर्च्या आणि वेळा रोज बदलतात, त्यामुळे संदेश नाही म्हणजे कुणी कधी यायचं ते कुणालाच कळेना. आजोबा सारखा फोन उलटसुलट करत होते. दिव्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. तिनं दुसऱ्या कंपनीमार्फत संदेश धाडणारा नवा पाठवणारा लिहिला आणि जिथून सगळ्या पानांना लागणारे भाग दिले जातात, तिथं जुन्याच्या जागी ठेवला. खुर्च्यांची पानं उघडावीही लागली नाहीत.

संध्याकाळी आजोबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून उद्याची वेळ वाचली, आणि पिशवीत शाल भरायला उठले.

दिव्या म्हणाली, "आजी, मी चहा करते," आणि आत जाऊन डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागली.

"थांब, शोधू नकोस," मी म्हटलं, आणि साखरेचा डबा काढून तिच्या हातात दिला.