फुलपाड्याहून नागासाकीला

ज्या ऑफिसात कामं वेळेवर होतात, तिथे किस्से तयार होत नाहीत. आमच्याकडे ढिगाने झाले. मित्रमैत्रिणी जमले की म्हणतात, "सांग ना स्टुडिओतलं काहीतरी," आणि पोट धरून हसतात. मीही हसते. पण घडत असताना मला एकाही गोष्टीचं हसू आलं नव्हतं.

विरारच्या फुलपाड्यात पिठाच्या गिरणीच्या वर सावेसरांचा ॲनिमेशन स्टुडिओ होता. दोन खोल्या, आठ टेबलं, आणि गिरणी सुरू झाली की आठही टेबलं थरथरायची. नव्वदीच्या शेवटची वर्षं. जपानी कार्टूनचं काम अंधेरीच्या एका कंपनीकडे यायचं आणि तिथून आमच्याकडे. मी तिथे लेखक होते. म्हणजे जे काम इतर कोणाचंच नसेल, ते माझं.

मला स्वतःला मात्र एकच गोष्ट करायची होती. चारशे वर्षांपूर्वी वसईचा एक मुलगा जपानला गेला. तिथे त्याने व्यापार केला, भाषा शिकला, पुढे मिशनऱ्यांचा दुभाषा झाला आणि नागासाकीला क्रुसावर मारला गेला. इथल्या चर्चमध्ये तो संत आहे. मला तो एम.ए.ला पूर्व आशियाचा इतिहास वाचताना भेटला, माणूस म्हणून. त्याच्यावर मी तासाभराची श्रुतिका लिहिली, फक्त कानांनी ऐकायचं नाटक. दोन भाषांच्या मधे उभा राहिलेला माणूस शेवटी किती एकटा पडतो, हे मला लोकांना ऐकवायचं होतं.

लिहायला चार महिने लागले. रेकॉर्ड करायला तीन वर्षं.

*

नोकरीचा पहिला दिवस. सावेसरांनी विचारलं, "राणे, एम.ए. कशात म्हणालीस?"

"इतिहास. चीन, जपान, कोरिया."

"मग जपानी वाचता येतं?"

"थोडंफार."

"थोडंफार पुरे. हे बघ. तीन महिने झाले, हा एक सीन तिकडून पास होत नाहीये."

सीन जपानी बाजारपेठेचा होता. रंगवला होता मंदाने. मंदा कळंबची, कोळ्यांची मुलगी. हात असा की समोर ठेवलेली कुठलीही गोष्ट हुबेहूब उतरवायची, भाषा येवो न येवो. चित्रात नऊ दुकानं होती. चार दुकानांवर पाट्या होत्या आणि चारही पाट्यांवर एकच मजकूर.

"या पाट्या कुठून आल्या?"

"त्यांनीच धाडल्या," मंदा म्हणाली. "चित्र परत आला का दर वेळेला कोपऱ्यात लाल शाईने लिवलेला असते. मला वाटला, पाटी ऱ्हायली आपली. मी लावते."

"मंदा, यात लिहिलंय, 'हे चित्र पुन्हा काढा.'"

सावेसर खुर्चीत बसले. मंदाने शांतपणे ब्रश धुतला.

"बरा झाला ताई तुमी आलात," ती म्हणाली. "अजून पाच दुकानं बाकी होती."

*

तेव्हा पात्रं पारदर्शक प्लास्टिकवर रंगवायचे. हे प्लास्टिक उलटं ठेवलं की डावीकडे बघणारा माणूस उजवीकडे बघतो आणि एक चित्र वाचतं. सावेसर अशी चित्रं वाचवण्यात पटाईत होते. पण माणसाबरोबर त्याचा किमोनोही उलटायचा. किमोनोची डावी बाजू नेहमी वर असते. उजवी बाजू वर फक्त प्रेताच्या अंगावर घेतात.

मी काम थांबवलं. सगळ्यांसमोर वीस मिनिटं बोलले. प्रेक्षक मूर्ख नसतो, दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान ठेवायला हवा, वगैरे. तेव्हा मी वीस मिनिटांपेक्षा कमी बोलायचेच नाही.

सावेसरांनी सगळं ऐकून घेतलं. चित्र उजेडात धरलं.

"हा कितव्या भागात मरतो?"

"सहाव्या."

"मग आत्तापासून सवय होऊ दे त्याला."

मी तिरमिरीत राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. स्टुडिओतला पत्रव्यवहार माझ्याकडे होता. संध्याकाळी तो कागद "उत्तर देणे" असा शेरा मारून माझ्याच टेबलावर परत आला.

*

श्रुतिका घेऊन मी मुंबईच्या एका रेडिओ केंद्राच्या नभोनाट्य विभागात तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले. स्क्रिप्ट त्यांनी खरंच वाचलं होतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

"उत्तम लिहिलंय," ते म्हणाले. "एकच सूचना. जपान काढता येईल का?"

"जपान काढलं तर उरेल काय?"

"वसई उरेल ना. किल्ला आहे, समुद्र आहे. श्रोत्यांना जवळचं वाटतं."

"पण सर, मग तो मरणार कुठे?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, विचार केला.

"मरायलाच हवं का?"

परत आल्यावर मी हे तुस्कानो मास्तरांना सांगितलं. मास्तर स्टेशनच्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातले, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. चर्चमध्ये वाचन करायला उभे राहिले की शेवटच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. दुभाष्याचा आवाज त्यांचाच, हे मी लिहितानाच ठरवलं होतं.

मास्तर म्हणाले, "शाळेची तपासणी करायला असेच एक साहेब यायचे. म्हणायचे, वर्ग छान आहे मास्तर, फक्त मुलं जास्त वाटतात."

मग आम्ही ठरवलं की आपणच रेकॉर्ड करायचं. रविवारी, स्टुडिओत, कारण रविवारी गिरणी बंद असायची. सावेसरांनी खोली फुकट दिली. अट एकच. जपानचा सत्ताधीश ते स्वतः होणार.

*

पहिल्या प्रसंगात दुभाषा वसईहून गलबतात बसतो. मी धो धो पाऊस लिहिला होता, कारण श्रुतिकेत पाऊस छान लागतो. मंदाच्या हातात सूप आणि त्यात तांदूळ. ते हलवून पाऊस आणि लाटा दोन्ही तीच करणार होती.

ती सूप घेऊन नुसतीच बसून राहिली.

"काय झालं?"

"ताई, हा जाते कंच्या महिन्यात?"

"जुलै."

"मिरगानंतर होडी पान्यात घालत नाय कोन. दर्या बंद असते नारळी पुनवेपर्यंत."

"मंदा, ते पोर्तुगीजांचं जहाज आहे. मोठं. मी दोन वर्षं अभ्यास केलाय यावर."

"जहाज मोठा आसंल. दर्या तोच हाय ना?"

मी चिडले. तिला म्हटलं, मी पुस्तकात दाखवते तुला. तीन संध्याकाळी पुस्तकं चाळली. चौथ्या दिवशी सापडलं. पावसाळ्यात या किनाऱ्यावरची बंदरं बंदच असायची. गलबतं पावसाच्या आधी निघायची, नाहीतर नंतर.

मी तो प्रसंग एप्रिलमध्ये नेला आणि पाऊस काढून टाकला. रविवारी मंदाने नवीन पानं पाहिली. सुपातले अर्धे तांदूळ पिशवीत परत ओतले.

*

विरारला तेव्हा पाणी टँकरने यायचं. टँकरला वार नव्हता, वेळ नव्हती.

हद्दपारीचा प्रसंग. सावेसर मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम देताहेत. मी भिंतींना गोधड्या लावल्या होत्या, खिडकीला गादी. सावेसरांनी आयुष्यात पहिल्यांदा सूर पकडला होता. "या भूमीवर माझ्या शब्दाशिवाय," ते गरजले, आणि खालून हॉर्न आला.

"पानी आला!" मंदाने सूप टाकलं.

जपानच्या सत्ताधीशाने हुकूम अर्धवट सोडला, कोपऱ्यातला हंडा उचलला आणि तीन-तीन पायऱ्या टाकत जिना उतरला. मागे मंदा, तिच्या मागे बादल्या. गोधड्यांच्या खोलीत मी आणि मास्तर उरलो.

"लोकांना कशाचं गांभीर्यच नाही," मी म्हटलं.

"पाण्याचं आहे की," मास्तर म्हणाले.

अर्ध्या तासाने सावेसर गुडघ्यापर्यंत भिजून वर आले आणि माइकसमोर बसले. "कुठवर आलो होतो आपण?"

"तुम्ही मला देशाबाहेर काढत होतात," मास्तर म्हणाले. "पण आधी चहा घेऊ."

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. कधी टँकर, कधी लाइट गेली, कधी वरच्या मजल्यावर बारसं. एका रविवारी दीड पान झालं, तर आम्ही भजी मागवली.

*

मग मास्तरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता आणि हातात एक रविवार.

प्रसंग छोटा होता. क्रुसावरचा दुभाषा मारियेची प्रार्थना म्हणतो, पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, आणि नाटक संपतं. मास्तर आले ते बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, आणि दोन्ही मुलींना घेऊन. त्या मागे गादीवर बसल्या. मास्तरांच्या हातात तेर्साची, रोजच्या जपाची, माळ होती.

मी बटण दाबलं. मास्तरांनी प्रार्थना सुरू केली, अर्ध्यावर आले आणि थांबले. मागून काकींनी आणि मुलींनी उरलेली प्रार्थना एका सुरात म्हणून टाकली.

"काकी!"

"चुकलं गं बाय," काकी म्हणाल्या. "तोंडातून आपोआपच जातं."

तेर्स असाच म्हणतात. संध्याकाळी घर एकत्र बसतं. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. मास्तर साठ वर्षं पहिला अर्धा म्हणत आले होते.

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा काकींनी पदर तोंडाशी धरला, मुलींनी ओठ मिटले. तरी मास्तर अर्ध्यावर थांबलेच.

"मास्तर, पुढे म्हणा ना."

"पुढचं माझं नाही, पोरी."

"इथे तुम्ही घरी नाही. तो एकटा आहे. शेवटी तो एकटा पडतो, हेच तर नाटक आहे."

"एकटा कसा? सव्वीस जण होते क्रुसांवर. तूच लिहिलंयस. पान बत्तीस."

सावेसरांनी पान बत्तीस काढून बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. इतिहास माझा विषय. मास्तरांचा आवाज दर वेळी जास्त फाटत होता. मी सगळ्यांना खाली पाठवलं. काकींनासुद्धा.

खोलीत आम्ही दोघंच. कॅसेट मागे घेतली, बटण दाबलं. मास्तरांनी डोळे मिटले, मणी धरला आणि पहिला अर्धा भाग म्हटला. आवाज खरखरीत होता, पण तीन वर्षांत कधी लागला नव्हता तसा लागला. मग ते थांबले.

टेप फिरत होती. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांचे डोळे मिटलेले. मी हलकेच टेबलावर बोट वाजवलं. ते थांबूनच होते. घाई नव्हती त्यांना. कोणीतरी म्हणेल, असे बसले होते.

उरलेला भाग मी म्हटला. कागद बघून.

मास्तरांनी पुढचा मणी ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्क्रिप्टमध्ये प्रार्थना एकदाच होती. तिसऱ्या खेपेला मला कागद लागला नाही. सहाव्या खेपेला रेकॉर्डरचं बटण खट्कन वर आलं. कॅसेट संपली होती.

मास्तर सातवा मणी धरून म्हणत होते. अर्ध्यावर थांबले.

पुढचं मी म्हटलं.