दुसऱ्या दिवशीचे गुण

मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात बालशिक्षणाच्या पदविकेची पाठपरीक्षा झाली की बाकीचे परीक्षक तिथेच गुण भरून मोकळे होत. तायडे मॅडम मात्र त्यांचा रकाना कोरा ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच, पाठ झाला त्या बालवाडीत जायच्या, लेकरांच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, ''काल ताईनं काय केलं रे?'' लेकरं जे सांगतील, जे करून दाखवतील, त्यावर गुण.

माझा पाठ पाळीव प्राण्यांवर होता. आठवडाभर खपून मी कापडी बाहुल्या शिवल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे आकडाच नव्हता. लिहिलं होतं, 'पुन्हा'.

किन्हीराजाच्या बालवाडीतली जागा मला मिळणार होती, पण महिनाअखेर निकाल दाखवला तरच. चळवळीतल्या बाबांच्या निषेधपत्रकांवर वाढलेली मी. अन्याय दिसला की लिहायचं, एवढंच ठाऊक. 'मनमानी', 'हुकूमशाही', काहीच सोडलं नाही. प्राचार्यांच्या नावाचा तो दोन पानी अर्ज आधी मॅडमच्याच टेबलावर आपटला.

त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

''जोरदार लिवतं वं तू. पण दोन पानात एकाबी लेकराचं नाव नाई. पाच नावं सांग बरं.''

मला दोनच आली.

''त्या निळ्या फ्राकवालीले इचारलं मी. ते म्हणे, ताईनं बाहुल्या आणल्या, हात नाई लावू देला. एवढंच उरलं पोरी तुह्या पाठातलं.''

''खराब झाल्या असत्या, मॅडम!''

''मंग कायले शिवल्या? परीक्षकाइले खेळाले?''

अर्ज मी दिला नाही, फाडलाही नाही. दहा दिवस पाठ झालेल्या त्याच बालवाडीत गेले. निळ्या फ्रॉकवाली ती तेजू. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती मावशीकडे. आपणहून कुणाशी बोलत नसे. बाहुल्या पहिल्याच दिवशी मधोमध ठेवल्या. तासाभरात शेळीचा कान तुटला. तीच शेळी तेजूनं उचलली आणि मग रोज तीच.

पुन्हा पाठ झाला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला सोबत नेलं, पण दाराबाहेरच थांबवलं. ''तू दिसली का लेकरं तुह्याच तोंडाकडं पाह्यतात.''

आतून आवाज आला, ''रांगेत या! सगळ्याइले भेटन. पयले तिले पाणी पाजा.'' दाराच्या फटीतून पाहिलं, तेजू बोलत होती. एककानी शेळी मांडीवर घेऊन तिनं सगळा वर्ग बसवला होता. मॅडमनी मांडी न मोडता रकाना भरला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, ''अर्ज कुठी हाय तुहा?''

''पिशवीत.''

''लिवणं सोडू नको. फक्त त्यात नावं घालत जाय.''

मॅडम आता निवृत्त होऊन कारंज्याला लेकीकडे असतात. मी किन्हीराजात शिकवते. आमच्या बालवाडीला कुंपण नव्हतं आणि दारासमोरून ट्रॅक्टर जातात. यंदा ग्रामपंचायतीला अर्ज दिला. मोठा शब्द एकही घातला नाही. रोज तो रस्ता ओलांडणाऱ्या लेकरांची नावं तेवढी एकाखाली एक लिहिली. वाचता वाचता नवव्या नावावर सरपंचांचं बोट थांबलं. ती त्यांची नात होती.

कुंपणाचे खांब परवा येऊन पडले आहेत.