जिन्यावरच्या वडिलांसाठी चहा

एका लोकप्रिय इंग्रज भयकथाकाराच्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. आणि त्यातली एकही वाचलेली नाही, असं मी चारचौघांत माझ्या मुलीला सांगितलं होतं. हे खोटं मी अनेक वर्षं जपलं.

अमेरिकेत आलो तेव्हा एडिसन या गावी एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघे सॉफ्टवेअरवाले राहत होतो. कामापुरतं इंग्रजी येत होतं; पण घरातल्या भांडणाचं, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलायचं इंग्रजी येत नव्हतं. ते मला या लेखकाने शिकवलं. किराणा दुकानाच्या कागदी पिशव्या कापून मी त्याच्या पुस्तकांना, शाळेत घालायचो तसं, खाकी कव्हर घालत असे. कोणी विचारलंच तर सांगत असे, ‘‘डेटाबेसचं आहे.’’

त्याच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत रक्ताचे पाट वाहतात. समीक्षकांनी नाकं मुरडली, वाचकांनी मात्र त्या स्टेशनावरच्या दुकानांतून उचलल्या. मग त्याचा स्वर उतरत गेला. मधल्या काळात भय घरात शिरलं, स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी. आणि उतारवयातल्या कादंबऱ्यांत तर भुतं कोणाला घाबरवतच नाहीत. ती नुसती परत येतात, कारण त्यांना नीट निरोप मिळालेला नसतो.

माझे वडील पुण्यात गेले तेव्हा माझ्या व्हिसाचे कागद अडकले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. सगळ्यांना वाटलं, हा बरा सावरला. त्याच सुमारास त्याची एक कादंबरी हाती आली. तिच्यात वारलेला बाप रोज संध्याकाळी जिना चढून येतो, आणि मुलगा दाराला कडी न घालता पायरीवर चहाचा कप ठेवतो. ते पान मी कामावरून परतताना ट्रेनमध्ये वाचलं आणि खाकी कव्हरामागे तोंड लपवून रडलो. घरी आल्यावर ओट्यावर दोन कप चहा ठेवला. या परक्या माणसाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलगी कॉलेजात असताना, मी काही न सांगता, आपणहून त्याच लेखकापर्यंत पोचली. एकदा आमच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. नागपूरच्या एका काकूंनी तिला विचारलं, ‘‘काय गं, सध्या काय लिहितेस?’’

तिने लेखकाचं नाव सांगितलं. ‘‘पेपर लिहितेय, काकू. त्याच्या नॉव्हेल्सवर.’’

‘‘भुतांवर? अगं, आमच्या गावी ये, फुकटात दाखवते!’’

सगळे हसले. तीही हसली आणि आशेने माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, ‘‘असल्या पुस्तकांवर कसले पेपर! मी तर त्यातलं एक पानही उघडलेलं नाही.’’

का म्हणालो? आपली अभिरुची हलकी ठरेल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की पुस्तकांचा विषय निघाला तर त्या दोन कपांपर्यंत जाईल. मान खाली घालून ती ताटातली पुरी मोडत राहिली. त्यानंतर आपलं लेखन तिने मला कधी दाखवलं नाही.

आता ती साहित्य शिकवते. या ऑक्टोबरात आमच्या इथल्या वाचनालयाने तिला त्याच लेखकावर बोलायला बोलावलं. मला तिने कळवलं नव्हतं, पण काकूंना कळवलं होतं. त्याच मला घेऊन गेल्या. दारातूनच ओरडल्या, ‘‘भुतं बघायला आलो गं!’’

ती सुरेख बोलली. रक्तापासून निरोपापर्यंतचा त्याचा सगळा प्रवास तिने असा उलगडला, की मलाच तो नव्याने दिसला. शेवटी ती म्हणाली, ‘‘एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. तो मुलगा चहा का ठेवतो? एनीवन?’’

मी उभा राहिलो. इंग्रजी त्याच लेखकाने शिकवलेलं, तरी तोंडून मराठीच आलं.

‘‘बाळा, त्याला वडिलांच्या शेवटच्या वेळी जाता आलं नव्हतं, म्हणून. मलाही आलं नव्हतं. ही सगळी पुस्तकं मी वाचलेली आहेत. तुझे आजोबा गेले तेव्हा या पुस्तकांनीच मला सांभाळलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोललो आणि तुला कमी लेखलं. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो, माझं चुकलं. मला माफ कर.’’