लक्ष्म्या उठेपर्यंत

तीर्थपुरीच्या अलीकडे आमचं गाव. महालक्ष्म्या पुष्कळ घरी बसतात, पण गिरिजाबाईंच्या घरचा थाट वेगळा आणि सोवळं त्याहून कडक. त्या तीन दिवसांत त्यांच्या परसातलं मांजरसुद्धा जपून चालतं. मी शेजारीण. पुरण वाटायला दरवर्षी मीच असते, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

गिरिजाबाईंचा एक नियम होता. मुखवटे बसले की विसर्जन होईपर्यंत वाईट बातमी घरात सांगायची नाही, मरणाचीसुद्धा. बातमी कानावर आली की सुतक लागतं, तोवर लागत नाही, असा त्यांचा हिशोब. तीन वर्षांमागं ऐन जेवणाच्या दिवशी त्यांची थोरली सून शीतल हिचे वडील बदनापूरला वारले. तिचा फोन गिरिजाबाईंनी उचलला, बंद करून कणगीत ठेवला आणि सुनेला पोळ्या लाटायला बसवलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्यावर सांगितलं. शीतल माहेरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बापाचं तोंड काही दिसलं नाही तिला. गावातल्या बायांनी गिरिजाबाईंचं कौतुक केलं, काय ही निष्ठा म्हणून. मला संताप आला आणि तो मी तोंडावर बोलून दाखवला. त्या म्हणाल्या, तुझ्या घरी बसत नाहीत, तुला काय कळायचं. शीतल मात्र माहेराहून परतली आणि कामाला लागली.

यंदा गिरिजाबाईंचा धाकटा मुलगा पप्पू आला नव्हता. तो जालन्याला एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथं गणेशचतुर्थीची सुट्टी मिळते, लक्ष्म्यांची मिळत नाही. विसर्जनाला नक्की येतो, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. जेवणाच्या दिवशी सकाळी सोळा भाज्या चिरणं चाललं होतं, तेव्हा पप्पूच्या खोलीवर राहणाऱ्या हरिओमचा शीतलला फोन आला. पहाटे भट्टीतून लाल लोखंड उसळलं होतं. पप्पू छातीपासून खाली भाजला होता. डॉक्टर भरवसा देत नव्हते. पोरगा शुद्धीवर होता आणि आईला बोलवा म्हणत होता. शीतलनं सासऱ्यांना, काकासाहेबांना, गोठ्यात नेऊन सांगितलं.

"तिला आत्ता सांगू नको," ते म्हणाले. "लक्ष्म्या उठू दे, मंग सांगू."

विहिरीवरची मोटर जळाली असं घरात सांगून ते आणि थोरला, शीतलचा नवरा, मोटारसायकलवर जालन्याला निघून गेले. गिरिजाबाई पुष्कळ चिडल्या. सणासुदीला मोटर सुचते या माणसांना, म्हणाल्या.

दुपारी नैवेद्य झाला. लक्ष्म्यांपुढं त्यांची दोन बाळं मांडलेली असतात. गिरिजाबाईंनी त्यांच्या ओठांना स्वतःच्या हातानं पुरण लावलं आणि पप्पूचं ताट झाकून ठेवायला सांगितलं. समई विझली. वारा होता, मी असलं काही मानत नाही, तरी माझी नजर त्या झाकलेल्या ताटाकडं गेली. शीतल वाढत होती. कमरेला खोचलेला तिचा फोन सारखा थरथरत होता. ती परसात जायची, परत यायची आणि पुन्हा पंगतीत तूप वाढायची. काय गं, असं मी विचारलं तर धूर लागला म्हणाली. डोळे तर कोरडे होते तिचे.

संध्याकाळच्या आरतीला ती सगळ्यात मागं उभी राहिली. टाळ्या वाजवल्या, आरती म्हटली, प्रसादही वाटला. बाप-लेक रात्री मळ्यातच थांबलेत, असं सासूला सांगितलं. आता ते आठवलं की मला तिची भीतीच वाटते.

दुसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, सुताचे दोरे बांधून झाले, लक्ष्म्या हलवल्या. गिरिजाबाई भिंतीला टेकल्या. सगळं निर्विघ्न पार पडलं, म्हणाल्या, आता पप्पू येईलच. तेव्हा शीतल त्यांच्यापुढं बसली आणि पप्पू गेला, काल दिवेलागणीला गेला, असं तिनं सांगितलं.

गिरिजाबाईंनी सुनेचा हात धरला.

"तुला कधी कळलं?"

"काल सकाळी. भाज्या चिरताना. तवा जिवंत होता. दिवसभर आई, आई करून राह्यला होता."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

शीतलनं हात सोडवला नाही, आवाजही चढवला नाही.

"लक्ष्म्या उठायच्या होत्या, आत्याबाई."