यजमानांच्या पाया पडणारे लोक

देव आहे की नाही, हा प्रश्न मला सुखात कधी पडला नाही. तो पडला तेव्हा आमचं अंगण भाविकांनी भरलेलं होतं, आणि ते ज्यांच्या पाया पडायला आले होते ते माझे यजमान होते.

आमचा अंजनगावाकडे पानमळा. मळ्यात वहाणा घालून पाऊल टाकायचं नाही, ही आम्हा पानमळेवाल्यांची जुनी रीत. तहसीलदार आला तरी त्याने जोडे बाहेर काढायचे. एके सकाळी यजमान वहाणांसकट आत गेले आणि हसत म्हणाले, "सारी जमीन देवाचीच हाये, मंग अंदर काय अन् बाहेर काय?" काही वर्षांपूर्वी त्यांचं डोकं फिरलं होतं, तेव्हाही आधी झोप उडाली होती, मग जेवण सुटलं, मग असंच मोठमोठं बोलणं सुरू झालं होतं. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून ते बरे होऊन आले होते. आजार परत आला, हे मी त्याच सकाळी ओळखलं.

गावाने मात्र भलतंच ओळखलं. आमच्या वऱ्हाडात रीत मोडणाऱ्या माणसात अवलिया दिसायला वेळ लागत नाही. यजमान दिवसभर भजन म्हणत, घरातली धोतरं वाटून टाकत, आणि लोक नारळ घेऊन येत. सासूबाई तर हरखून गेल्या होत्या. मी इस्पितळाचं नाव काढलं की उसळायच्या, "माह्या लेकाले येडा येडा म्हनत होते, तेच आता पाया पडून राह्यले. तुलेच कावून पाहवत नाही वं?" त्यांचं तरी काय चुकलं? वेड्याची आई म्हणवून घेताना त्यांचं काळीज किती जळलं असेल! कधी कधी मलाही वाटायचं, असेलही खरं. वेड्याची बायको होण्यापेक्षा साधूची बायको बरी. पण यजमानांची हाडं वर आली होती, ओठ फुटले होते, आणि माझ्याकडे पाहूनही ते मला पाहत नव्हते. एका दुपारी देव्हाऱ्यासमोर बसून मी म्हटलं, देवा, तुझंच नाव घेऊन माझा माणूस मरतो आहे, तर मलाही ने. रडूही येत नव्हतं.

अकोल्याकडचे एक वृद्ध कीर्तनकार तेव्हा गावात मुक्कामाला होते. त्याच दुपारी लोक त्यांना नव्या महाराजांच्या दर्शनाला घेऊन आले. ते पाया पडले नाहीत. यजमानांचे फुटलेले ओठ त्यांनी जवळून पाहिले आणि मला विचारलं, "माय, हा जेवते काय? झोपते काय?" मी नाही म्हणून मान हलवली. तसे ते सगळ्यांसमोर म्हणाले, "म्या जलमभर देवाचं नाव घेतलं, तरी मले भूक लागते. हा बिमार हाये. याले बुवा करू नोका, मरून जाईल हा."

सासूबाईंनी आलेले नारळ परत केले. लोक कुजबुजत पांगले. कीर्तनकारबुवांनी यजमानांना जवळ घेऊन आपल्याच ताटात जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला गाडी बदलून आमच्यासोबत थेट नागपूरपर्यंत आले. नंतर ते कधी भेटले नाहीत. देवच आला होता, असं मी म्हणत नाही. मी हाक मारली आणि कोणीतरी आलं, एवढंच मला माहीत आहे.

यजमान बरे झाले, पण कायमचे नाही. हा आजार जातो आणि परत येतो, आणि दर वेळी थोडा थोडा माणूस घेऊन जातो. चांगल्या दिवसांतही मी धास्तावलेली असते. गेल्या पौषात मी भाकरी थापत होते, तेव्हा ते चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "अवं, मले नीज येऊन नाही राह्यली. लोकं पाया पडाले याच्या आंधी मले नागपूरले घेऊन चाल."

त्यांना कायमचं बरं कर, हे मागणं मी आता सोडून दिलं आहे. ते वाक्य त्यांच्याच तोंडून वेळेवर आलं, म्हणून पिठाच्या हातांनीच मी देवाला नमस्कार केला, आणि उठून त्यांचे कपडे बांधायला घेतले.